जावई पळत आला

"कोण गेलं ओ?"

गुरुलिंग पळायला लागला की रस्त्यावर भेटेल तो हेच विचारायचा. एकोणीसशे सत्तावन्न साल. भूमकडं मोठं माणूस उगाच पळत नसे. पळायचा तो मरणाचा सांगावा घेऊन. सांगावा आणणाऱ्यानं आत यायचं नाही, दारात थांबून सांगायचं आणि फिरायचं.

"कुणी न्हाय गेलं. मीच चाललोय."

"कुठं?"

"परत घरी."

विचारणारा आपल्या बैलांकडं बघायचा.

गुरुलिंग भूमच्या तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या वेळची उर्दू दफ्तरं मराठीत उतरवायची. अमक्याची जमीन, तमक्याची विहीर. मान वर करायला सवड नाही. आणि रविवारी पहाटे धोतर वर खोचून

ईटच्या रस्त्यानं, बाभळी मागं, कचेरी मागं, श्वास आत, श्वास बाहेर, ही जमीन अमक्याची नाही तमक्याची नाही, नुसती जमीन, पायाखाली

घरी यायचा तो हसत. बायकोला, इरम्माला, ते हसणं आवडायचं. म्हणून लोकांनी कितीही नावं ठेवली तरी ती गप्प.

मग तो रविवार.

पाय असे लागले की थेट ईटच आलं. ईट म्हणजे सासुरवाडी. आलोच आहोत तर भेटून जाऊ, म्हणून सासूबाईंच्या दारात थांबला. छाती भात्यासारखी. आतून शिवम्मा आली.

"जावईबापू? एवढ्या सकाळी? काय झालं?"

शब्द फुटेना. त्यानं हात वर केला. म्हणजे, थांबा, दम खाऊ द्या.

तेवढं पुरलं.

"माझी इरू गंऽऽ!"

शेजारणी धावल्या. कुणी गळ्यात गळा घातला, कुणी चुलीवरची भाकरी उतरवली. "जिती हाय! इरम्मा जिती हाय!" गुरुलिंग ओरडत होता. ऐकतंय कोण. जावयाच्या डोक्यावर परिणाम झाला, असं म्हणून आता बाया त्याच्यासाठीही रडायला लागल्या.

एसटीनं अख्खं माहेर रडत भूमला उतरलं. दार इरम्मानं उघडलं. हाताला पीठ.

संध्याकाळी ती म्हणाली, "बस झालं."

"काय?"

"पळणं. माझ्या आईला तुमी माझं मरण दाखवलंत."

 

रविवार. बसला.

रविवार. दाढी केली, बसला.

रविवार. पायांकडं बघत बसला. ताटातली भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा. भांडण नाही, तक्रार नाही. हसणं नाही.

नागपंचमीला शिवम्मा लेकीला न्यायला आली. इरम्मानं तिला चुलीपाशी ओढलं.

"ह्यांचं काय करू, आई? पळू दिलं तर तुझा जीव जातो. न्हाय दिलं तर हे असे."

शिवम्मानं डोकावून बघितलं. जावई खांबाला टेकलेला. तरणा गडी, पण बसणं म्हाताऱ्याचं. ती पदर सारखा करून बाहेर आली.

"जावईबापू, सांगाव्याचा माणूस काय करतो?"

"दारात थांबतो."

"मग तुमी थांबू नका. माझ्या दारावरनं सरळ पळत जावा. थांबला न्हाईत म्हंजे लेक खुशाल. समजंल मला."

आतून इरम्मा म्हणाली, "जावा म्हणते ना ती? मग जावा की."

पुढच्या रविवारी तो ईटला

बाभळी मागं, श्वास आत, पायांना सगळं आठवतंय, गल्ली आली, दार आलं, थांबायचं नाही, दार गेलं

"अवो! ताक!"

शिवम्मा तांब्या घेऊन ओट्यावर. जावई सासुरवाडीतनं कोरडा जाणार?

"थांबू नका म्हणालात!" तो पळता पळता ओरडला.

"मग म्या कुठं थांबा म्हणतीय?"

तिनं पदर खोचला आणि ओट्यावरून उतरून निघालीच पळत, तांब्यावर हात दाबून, ताक उडतंय, गल्ली दारांत येऊन बघतीय.

"जरा हळू पळा की, बापू! सासू हाय म्या, घोडी न्हाय!"

तो हळू झाला. थांबला नाही.