साउंडबारचा लोकरी झगा

मी एक जुना साउंडबार आहे, मित्रांनो. टीव्हीच्या पायाशी आडवा पडलेला लांबुळका काळा डबा दिसतो ना, तोच मी. माझ्या एकट्याच्या पोटात पाच स्पीकर आहेत. मधला माणसांचं बोलणं सांभाळतो. बाजूचे आपला आवाज भिंतीवर फेकतात. तो चेंडूसारखा उसळून परत येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या मागेही कुणीतरी आहे. कारखान्यात तपासणीत मी पास झालो, तेव्हा माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मोठ्याने वाजताना ती अजूनही फुगते.

तिथून मी दुकानात आलो. दिवसभर माझ्यातून सिनेमातल्या मोटारी उलटायच्या, पूल कोसळायचे. लोक "वा!" म्हणायचे आणि पुढे जायचे.

एका दुपारी एक कुटुंब आलं. आजी, आजोबा, सूनबाई आणि भिंगरी नावाची नात. ती एका जागी उभी राहत नसे, म्हणून भिंगरी. आजोबांनी तीस वर्षं छापखान्यात यंत्राशेजारी काढली होती. त्या खडखडाटाने त्यांचे कान मंद झाले होते. टीव्हीवर विनोद झाला की ते आधी सगळ्यांचे चेहरे बघायचे आणि मग हसायचे. हे फक्त सूनबाईच्या लक्षात आलं होतं. म्हणून ती मला शोधायला निघाली होती.

विक्रेत्याने आधी पाच सुटे स्पीकर दाखवले. "चार खोलीच्या कोपऱ्यांत आणि एक टीव्हीखाली लावायचा, ताई. आवाज चहूबाजूंनी येतो!"

"आणि वायरी?" आजी म्हणाली. "त्यात पाय अडकून मी पडले, तर माझाच आवाज चहूबाजूंनी येईल. त्याला यंत्र कशाला?"

मग माझी पाळी आली. विक्रेत्याने सवयीने पूल कोसळवला. आजोबांनी हात वर केला.

"पूल पडला ते दिसलं हो. पण त्याआधी ती बाई काय म्हणाली?"

विक्रेत्याने माझं बोलणं ठळक करणारं बटण दाबलं आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. आजोबा पुढे वाकले. "'थांबा, मुलं मागे राहिलीत' म्हणाली!" ते एकदम उजळले. "हाच घ्या!"

घरी माझं खूप कौतुक झालं. आजोबा वेळेवर हसू लागले. पण कौतुकच माझ्या अंगाशी आलं. मला धूळ लागू नये म्हणून आजीने वितीने माझं माप घेतलं आणि चार दिवसांत जाडजूड लोकरीचा झगा विणला. पुढून, मागून, बाजूंनी बंद! माझा आवाज गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा झाला. इतरांना तो जरासा बसका वाटला. आजोबांना मात्र शब्दच कळेनासे झाले. बटणाने मोठा केला, तर नुसती गडगड.

त्यांना वाटलं, आता आपले कान पुरतेच गेले. ते कुणाला काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र घेऊन संध्याकाळी गॅलरीत बसू लागले. सोफ्यावरची त्यांची जागा रिकामी दिसायची आणि माझा जीव तुटायचा. माझ्यातून साऱ्या जगाचे आवाज निघतात, मित्रांनो, पण मला माझा स्वतःचा आवाज नाही. सांगणार कसं?

आठवड्याने सूनबाई म्हणाली, "आई, हा परत करू या का? बाबांना याचा उपयोग होत नाहीये."

त्याच संध्याकाळी भिंगरीच्या बाहुलीला थंडी वाजली. भिंगरीने माझा झगा ओढून काढला आणि बाहुलीला त्यात कोंबलं. टीव्हीवर एक नवरा विचारत होता, "माझा चष्मा कुठे गेला?" बायको म्हणाली, "ज्यातून माझ्याकडे बघताय, त्यातूनच शोधा!"

गॅलरीतून खो-खो हसू आलं. सगळ्यांच्या आधी!

सगळ्यांनी गॅलरीकडे वळून पाहिलं. सूनबाईने माझ्या उघड्या अंगाकडे पाहिलं, मग बाहुलीकडे. आजीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, म्हणजे मीच याचं तोंड बांधलं होतं?"

"इतका उबदार विणलास, की बिचारा झोपला," आजोबा आत येत म्हणाले.

"आणि तुम्ही? आठवडाभर गॅलरीत डास मारत बसलात, तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"मला वाटलं, माझेच कान संपले. तुला कशाला घाबरवायचं?"

आजी उठली. तिने सोफ्यावरची उशी झटकली आणि आजोबांना हाताला धरून तिथे बसवलं. झगा कायमचा बाहुलीला मिळाला.

आता मी म्हातारा झालो. माझा एक कोपरा चेपलाय, भिंगरी तिच्या आईएवढी उंच झालीय. तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल, तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा, पण कपाटात कोंडू नका, झाकूही नका. आणि घरात कुणी सगळ्यांच्या नंतर हसत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "ऐकू आलं का?"

आमच्याकडे हे विचारावं लागत नाही. आजोबा सगळ्यांच्या आधी हसतात. कधी कधी तर विनोद व्हायच्याही आधी.