अठ्ठ्याहत्तर धरा

हिशेबाचे नवे नियम आले आणि आमच्या रंगाच्या कारखान्यात मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्त कामगारांना मरेपर्यंत जी पेन्शन द्यायची, तिचा सगळा बोजा आता एकदम ताळेबंदात दाखवायचा होता. मी तिथला हिशेबनीस; आकडा काढला, तर तो वर्षाचा अख्खा नफा गिळत होता.

बैठकीत कंपनीचा सल्लागार बिस्कीट चावत मला म्हणाला, "नियम पाळायचाच. पण तुम्ही हिशेबात माणसं ब्याऐंशीपर्यंत जगवलीयत. अठ्ठ्याहत्तर धरा."

"आपली माणसं जगतात हो तेवढी," मी म्हणालो.

"जन्मभर रंगाच्या वाफा खाल्ल्यात त्यांनी," साहेब म्हणाले. "कागदावर तरी लवकर मरू द्या की!"

सगळे खो खो हसले. तीस वर्षं हेच साहेब कामगारांना सांगत आले होते, की त्या वाफांनी कुणाला काही होत नाही. सल्लागाराच्या मिशीतल्या बिस्किटाच्या चुऱ्यावरून मी नजर काढून घेतली. तरी मी आकडा बदलला. तिथल्या तिथे नफा वर आला.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती जागा घासून धुवावीशी वाटली. मग आवाजात मध घालून त्यांनी विचारलं, "तुमचे वडीलही आपल्याकडूनच निवृत्त झाले ना? वय काय आता त्यांचं?"

"एकोणऐंशी. अगदी ठणठणीत आहेत."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली.