पाउनाच्या पोमानेची कॅसेट

व्हीसीआरच्या वायरीची पिवळी पिन अंगठ्याने दाबून धरली तरच चित्र दिसायचं. अंगठा जरा ढिला पडला की लॅपटॉपवर निळा पडदा, आणि साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून लेकीचा ओरडा: "आई, गेलं! परत गेलं!"

"इथेच आहे गं मी," पेर्सिदा म्हणाली. "मी कुठे जाते!"

सिल्विया व्हिएन्नात दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिच्या वडिलांची, त्राइलोची, सत्तरी आली होती. हॉल ठरला होता, वाजंत्री ठरले होते, आणि जेवणं चालू असताना मोठ्या पडद्यावर घरातल्या जुन्या कॅसेट दाखवायच्या असं पोरीच्या डोक्यात आलं होतं. पण व्हिएन्नात कुणाकडेही व्हीसीआर उरला नव्हता. चालू असलेला एकच, तो इथे तिमोक नदीच्या काठी, गावातल्या घरात. कारण या घरातून कधी काही टाकलंच जात नसे. म्हणून शुक्रवारच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर खोक्यातून सगळा संसार आला: लॅपटॉप, वायरी, एक चपटी डबी, आणि त्राइलोच्या तिथल्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅसेट.

"पुढे पळवता नाही का येत?" पेर्सिदाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही आई. तेव्हा जेवढा वेळ लागला तेवढाच आत्ता लागणार. आणि तू तिथून हलू नकोस. ती पिन सैल आहे."

तेव्हापासून ती बसली होती. लग्नं झाली, बारशी झाली, धाकट्या दिराला फौजेत पाठवतानाचा डुकराच्या मटणाचा आणि रडारडीचा तो लांबलचक दिवस झाला. प्रत्येक कॅसेटमध्ये कुणीतरी कॅमेरा तिच्या तोंडासमोर आणायचं आणि म्हणायचं, बोल, व्हिएन्नावाल्यांना काहीतरी बोल! आणि ती हातातली परात सावरत म्हणायची, "आम्ही बरे आहोत. घर बरं आहे." प्रत्येक वेळी हेच. कपडे तेवढे बदलायचे.

घर खरंच बरं होतं. तीन मजली. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, वरच्या खोल्यांतल्या सोफ्यांवर दुकानातून आलं तेव्हाचं प्लास्टिक. त्राइलो दर ऑगस्टला यायचा, एक गॅलरी वाढवायचा आणि निघून जायचा. पेर्सिदा राहायची परसातल्या छोट्या स्वयंपाकघरात, कारण एका माणसासाठी एवढं घर तापवायचं कुणी? सकाळी वर जाऊन खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी जाऊन लावायच्या. चुलीतला विस्तव मात्र विझू द्यायचा नाही.

आता तिची धाकटी बहीण दारिन्का क्लादोव्होला एकटी पडली होती. तिचं घर डॅन्यूबच्या काठी, दोन खोल्यांचं. गुडघे गेलेले. तिने फोन केला होता: "थंडीच्या आत ये बाई. नाहीतर मी भाडेकरू ठेवते. दिवसभर बोलायला कुणी नसलं की मी टीव्हीशी भांडते."

पेर्सिदाला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिने बॅग काढून, झटकून, पुन्हा वर ठेवली होती. पण त्राइलोचं उत्तर ठरलेलं होतं, नेहमीचंच.

"आणि घर? आईच्या पोमानेत चावी घेतलीस ना तू? भर अंगणात 'बोगदाप्रोस्ते' म्हणालीस. कॅसेटमध्ये आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

मेलेल्यांसाठी पोमाना, म्हणजे त्यांच्या नावाने जेवण आणि दान, सगळेच घालतात, पण तिच्या सासूने, पाउनाने, स्वतःची पोमाना जिवंतपणीच घातली होती. पोरं व्हिएन्नात, मागून कोण काय करतं कुणास ठाऊक, असा तिचा हिशोब. टेबलं मांडली, मेणबत्त्या लावल्या, आणि मेल्यावर पलीकडे आपल्याला लागेल ते एकेक हातात घेऊन म्हातारीने वाटलं: ताट, घोंगडी, पाण्याचा तांब्या. घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते', म्हणजे देव क्षमा करो, म्हटलं की ते पावलं. मग तो शब्द मागे घेता येत नाही, कारण तो पलीकडे ऐकला गेलेला असतो. सगळ्यात शेवटी पाउनाने घराची चावी दिली होती. विस्तव विझू देऊ नकोस, घर रिकामं सोडू नकोस, असं म्हणून.

पेर्सिदाला त्यातलं काही आठवत नव्हतं. तीन दिवस ती चुलीपुढे होती. आठवत होता मेणाचा वास आणि टाचेला लागलेला नवा बूट. पण सगळे म्हणायचे म्हणालीस, तर म्हणाले असेन. कधीकधी अंथरुणात पडल्यावर तिला वाटायचं, अर्धंच म्हणाले असेन. किंवा हळू. हळू म्हटलेलं पलीकडे ऐकू जातं का, हे तिने एकदा पाद्र्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला, असल्या वेडगळ गोष्टी मला विचारू नकोस.

ती कॅसेट खोक्यात तळाशी होती. वर हिरव्या पेनाने लिहिलं होतं: आई, पोमाना.

"ही कशाला?" सिल्विया फोनवर म्हणाली. "वाढदिवसाला पोमाना कोण बघतं! राहू दे."

"घालते मी," पेर्सिदा म्हणाली. "तू जा कामाला."

कॅसेट आत गेली आणि तेवढ्यात फाटक वाजलं. नणंद आली, ब्रंडुशा, त्राइलोची थोरली बहीण. दोन घरं सोडून राहायची. कडेवर भाजलेल्या लाल मिरच्यांचा टब.

"एकटीने सोलून संपायच्या नाहीत म्हणून आणल्या," ती म्हणाली. "अजून ते सिनेमे चाललेत होय? अगं बाई, ही तर आईची!"

"बसा वन्सं. माझा हात मोकळा नाही, तुम्हीच सोला."

"तुझा हात कधी मोकळा होता?" ब्रंडुशाने खुर्ची ओढली. "बघ, बघ, आई चालतेय कशी! जशी काही सुनेकडून अंगण भाड्याने घेतलंय."

पडद्यावर पाउना काळ्या रुमालात टेबलांमधून फिरत होती. चित्राला मधूनच पांढऱ्या रेघा यायच्या. कॅमेरावाला गावातलाच, प्यायलेला. त्याने बराच वेळ एका कोंबडीचं चित्रण केलं होतं. ब्रंडुशा मिरचीची साल ओढत एकेकाचं नाव घेत होती: हा गेला, ही गेली, हा मेला असता तर बरं झालं असतं पण आहे. पेर्सिदाही हसली. अंगठा बधीर झाला होता. अंगठ्याच्या जागी तिने मधलं बोट लावलं.

"तू बारीक होतीस गं," ब्रंडुशा म्हणाली. "आणि तोंड बघ. कुणी मारल्यासारखं."

"चूल होती वन्सं. धूर."

ताटं वाटून झाली. घोंगडी झाली. तांब्या झाला, आणि प्रत्येक वेळी घेणारा मोठ्याने म्हणत होता, 'बोगदाप्रोस्ते', आणि पाउना समाधानाने मान हलवत होती. पळवता येत नव्हतं. थांबवलंही असतं, पण थांबवून काय, ते तिथेच असणार होतं.

पाउनाने चावी काढली. लाल दोरा बांधलेली. कॅमेरा म्हातारीच्या तोंडावर. "ही घराची. विस्तव विझू देऊ नका. घर रिकामं सोडू नका." हात पुढे झालेला. त्या हातात चावी थरथरत होती. मग कुणीच काही बोललं नाही. कुठेतरी कुत्रं भुंकलं. शांतता इतकी लांबली की कॅमेरावाल्यालाही काहीतरी चुकलंय असं वाटलं असावं, कारण कॅमेरा धडपडत बाजूला वळला, आणि पडद्यावर पेर्सिदा आली.

तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. ओठ पांढरे पडलेले. ती चावीकडे बघत होती, विहिरीत बघावं तशी. तिच्या खांद्यामागे, दात विचकून, तिच्या पाठीत बोटाने ढोसणारी ब्रंडुशा होती. आणि ब्रंडुशाचं तोंड उघडलं.

"बोगदाप्रोस्ते!" ब्रंडुशा म्हणाली, खणखणीत. पुढे होऊन तिने चावी घेतली, पेर्सिदाच्या मुठीत कोंबली, आणि कॅमेरा पुन्हा कोंबडीकडे गेला.

स्वयंपाकघरात मिरचीचं पाणी टबात टपटपत होतं.

"तुम्ही म्हणालात," पेर्सिदा म्हणाली.

"कुठे? मला नाही ऐकू आलं."

"वन्सं."

"आवाज कुणाचाही असेल! बायका काय कमी होत्या?"

"तोंड तुमचं हललं. माझं मिटलेलं होतं."

ब्रंडुशाने मिरची खाली ठेवली. हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, शेवटी पदरासारखा ॲप्रन वर घेऊन त्यालाच पुसले. "मग काय करायला हवं होतं? तू खांबासारखी उभी! सगळं गाव बघतंय, आईचा हात थरथरतोय. मला लाज वाटली. म्हटलं, मी म्हणते आत्ता, ही मागून म्हणेल. आतल्या आत म्हणेल."

"मी नाही म्हणाले."

"मला काय ठाऊक! पुढे सगळे म्हणायला लागले, सुनेने घेतली, सुनेने घेतली. मलाही तेच वाटायला लागलं. शपथ. आज बघेपर्यंत मला तेच वाटत होतं."

पेर्सिदा तिच्याकडे बघत राहिली. खरं बोलत होती बहुतेक. ब्रंडुशाला खोटं बोलताना इतका घाम यायचा नाही.

पण तिच्या मनात दुसरंच फिरत होतं. ही कॅसेट त्याच हिवाळ्यात व्हिएन्नाला गेली. त्राइलोने ती पाहिली, भावंडांना बसवून, रडत, पुन्हा पुन्हा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे हे मिटलेलं तोंड त्याने पाहिलं होतं. ते पाहूनच तो ऑगस्टमध्ये आला होता, गॅलरी बांधली होती, आणि म्हणाला होता: तू शब्द दिलायस.

राग यायला हवा होता. आला नाही. फक्त इतकी वर्षं वाकून बसल्यावर पाठ सरळ करताना दुखतं, तसं काहीतरी झालं.

"आईला तिकडे कळलं असेल," ब्रंडुशा एकदम बारीक आवाजात म्हणाली. तिने टेबलाची कड पकडली होती. "शब्द तिकडे माझ्याच आवाजात पोचला असणार. आवाज ओळखते ती माझा. पेर्सिदा, तीस-बत्तीस वर्षं मी या घरात एक रात्र झोपले नाही गं. ती वाट बघत असेल. पुसून टाक ते. येतं ना पुसता?"

"इथलं पुसता येईल. पलीकडचं कसं पुसणार?"

ब्रंडुशाचे डोळे भरले. पेर्सिदाला तिची दया आली. आणि त्या दयेबरोबरच ती जुनी ओळखीची वाट समोर दिसली: जाऊ द्या वन्सं, म्हणायचं, चहा टाकायचा, मिरच्या सोलायच्या, संध्याकाळी खिडक्या लावायच्या. जीभ तिथपर्यंत गेलीही.

"मी गुरुवारच्या बसने क्लादोव्होला चालले," ती म्हणाली. आवाज अनोळखी निघाला. "बॉयलरची कळ डावीकडे फिरवायची, उजवीकडे फिरवली तर गळतो. लाकडं मागच्या छपरात आहेत."

"अगं, तेरा खोल्या! मी एकटी, या वयात?"

"मी एकटीच होते."

"तू तरुण होतीस!"

"सुरुवातीला होते."

ब्रंडुशाने ॲप्रनने डोळे पुसले. नाक ओढलं. मग एक मिरची उचलली, तिची साल एका ओढीत काढली आणि टबात टाकली. "रात्री नाही झोपणार मी इथे," ती म्हणाली. "आधीच सांगते. सकाळी येईन, विस्तव घालीन, खिडक्या उघडीन. रात्री माझ्या घरी. आई समजून घेईल."

"तुमची आई. तुम्ही बघा."

"आणि त्राइलोला कोण सांगणार?"

पेर्सिदाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पोमाना अजून चालू होती. जेवणं झाली, नाच झाला, कॅमेरावाला पडला आणि उठला. ती शेवटपर्यंत बसली. घाई कुठे होती? फीत संपून व्हीसीआर खटकन थांबला तेव्हा तिने बोट काढलं. त्यावर पिनेचा गोल वळ उमटला होता.

संध्याकाळी सिल्वियाचा फोन आला. "आई, सगळं पोचलं. छान आलंय! फक्त ती आजीची पोमाना फार लांब आहे गं. मी कापते. नाचाचं तेवढं ठेवते."

"काही कापू नकोस."

"अगं, दोन तास कोण बघणार?"

"मग चावीचं ठेव. आजी चावी देते तिथपासून, कोंबडी येते तिथपर्यंत. तेवढं मोठ्या पडद्यावर लाव. तुझे बाबा पुढच्या रांगेत बसतील ना?"

"बसतील की. का?"

"आवाज मोठा ठेव."

सिल्विया हसली, मग हसायची थांबली. "आई, काय झालंय? आणि तुझं तिकीट काढू ना? तू येणार आहेस ना हॉलमध्ये?"

"नाही गं," पेर्सिदा म्हणाली. फोन कानाशी धरून ती स्टुलावर चढली होती आणि दुसऱ्या हाताने कपाटावरची बॅग ओढत होती. "मला तिथे काय बोलायचंय? तुम्हीच बघा सगळे."