तिसरी ओळ गिळणारा फोन

मित्रांनो, माझ्या पाठीवर ‘चार’ हा आकडा चिकटवलेला आहे आणि काचेचा डावा कोपरा तडकलेला आहे. ज्या ऑफिसात मी आठ वर्षं काढली, तिथे आम्ही अकरा फोन होतो. नवी अ‍ॅप्स आधी आमच्यावर चालवून पाहत. मी नवा होतो तेव्हा दोन वर्षं सगळे मलाच आधी उचलत. मग पातळ, चपळ फोन आले आणि माझी रवानगी टेबलाच्या तळाच्या खणात झाली.

तिथून मला बाहेर काढलं ताईंनी. त्या एका नव्या अ‍ॅपची रचना करत होत्या. फोन उघडला की जो पहिला पडदा दिसतो, तो ज्याला त्याला मनासारखा मांडता यावा, असं ते अ‍ॅप होतं. त्या पडद्यावर ठेवायच्या छोट्या चौकोनांना विजेट म्हणतात. कुठे घड्याळ, कुठे हवामान, कुठे कामांची यादी. चौकोन हवा तिथे सरकवा, रंग बदला, अक्षर बदला.

ताईंचं काम बघत राहावं असं होतं. आधी त्या सगळे चौकोन कागदाचे कापत आणि माझ्या काचेवर ठेवून सरकवत. आपला अंगठा कुठपर्यंत पोचतो ते बघत, मग शेजारणीचा अंगठा बघत. चाळीस रंगांतून त्यांनी बाराच ठेवले. ऑफिसात त्यांना ‘मोजपट्टी’ म्हणत.

“मोजपट्टी, केसाएवढा फरक आहे. कोण बघणार?” प्रोग्रॅमर वैतागायचा.

“मी बघितला ना? सरकव.”

अ‍ॅप गुरुवारी लोकांपुढे जायचं होतं. त्याच्या दहा दिवस आधी, सोमवारी, ताईंनी मला आपल्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानात नेलं. बाबा मशीनमागच्या फळ्यावर खडूने कामं लिहीत. ताईंनी ती सगळी माझ्यात उतरवली.

“आता फळा पुसा, बाबा. सगळं इथे दिसेल.”

बाबांनी फळा पुसला. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझी अक्षरं सगळ्यांत मोठी केली. तोवर ताई निघून गेल्या होत्या.

पुढचे पाच दिवस मी दोऱ्याच्या डब्याला टेकून उभा होतो. शनिवारी सकाळी नऊला बँडचे मास्तर आले. गेली तीस वर्षं ते इथेच कपडे शिवत होते.

“द्या कोट. दहाला वाजवायचंय.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर दोनच कामं दिसत होती आणि दोन्ही झालेली होती. कोट मात्र खुंटीवर होता, बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर.

“तीस वर्षांत पहिल्यांदा हो!” एवढंच म्हणून मास्तर जुन्या कोटावर निघून गेले. बाबा बराच वेळ कात्री उघडमीट करत बसले. तिसरं काम माझ्या पोटात होतं, पण मला बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी ताई आल्या. “कसं वाटलं?”

“देखणं आहे.”

पण फळ्यावर पुन्हा खडू फिरला होता. ताईंनी ते पाहिलं. “मग हे परत का लिहिलंत?”

“अगं, मास्तरांचा कोट राहिला. मीच विसरलो असेन लिहायला सांगायचं. वय झालं आता.”

ताईंनी मला उचललं. चौकोनाची कड धरून खाली ओढली, तर तिसरी ओळ बाहेर आली : ‘मास्तरांचा कोट, शनिवार सकाळ.’ ऑफिसात सगळे यादी तपासायला ‘दूध, भाजी, औषध’ असे आखूड शब्द टाकत, तेही मध्यम अक्षरांत. मोठ्या अक्षरांत लांब ओळ दुमडली जाते आणि शेवटची गुपचूप खाली जाते, हे कुणी पाहिलंच नव्हतं. मोजपट्टीनेसुद्धा!

“तुम्ही विसरला नाहीत, बाबा. मी झाकून ठेवलं.”

बाबांनी खुंटीवरचा कोट उलटा करून शिवण दाखवली. “हे बघ, आत दोन बोटं जास्तीच्या कापडाची माया सोडलीय. माणूस जाड होतो, बारीक होतो. दर वेळी नवा कोट शिवायचा का?”

सोमवारी ताईंनी मला साहेबांपुढे ठेवलं.

“गुरुवार ठरलाय,” साहेब म्हणाले. “एवढी मोठी अक्षरं ठेवतात किती जण?”

“एक जण मला माहीत आहे. त्यांना वाटलं, आपलं डोकं चालेनासं झालं.”

साहेबांनी मला उचललं आणि चौकोनाची कड स्वतः खाली ओढून पाहिली. “किती दिवस हवेत?”

“नऊ.”

“सात.”

“नऊ, साहेब.”

नऊच मिळाले. आता अक्षर वाढलं की चौकोनही वाढतो, आणि जागा पुरलीच नाही तर ‘आणखी एक काम आहे’ असं स्पष्ट लिहून येतं. ताई मला घेऊन मास्तरांच्या तालमीच्या खोलीत गेल्या आणि चूक कुणाची होती ते सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात विजारीचं माप द्यायला हजर. बाबांनी खडू उचलला, क्षणभर थांबले, खाली ठेवला आणि एका बोटाने, हळूहळू, माझ्यावर लिहिलं : ‘मास्तरांची विजार.’

मित्रांनो, मी आता बाबांकडेच असतो. माझी बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, पण ते मला चार्जिंगला लावायला विसरत नाहीत. तुम्ही मोठेपणी काही बनवाल, तेव्हा ते माझ्यासारख्या जुन्या फोनवर आणि चष्मा लावणाऱ्या माणसाच्या हातात एकदा देऊन बघा. आणि घरातलं कुणी “मीच विसरलो असेन” म्हणालं, तर त्याच्यावर हसण्याआधी फोन हातात घ्या आणि चौकोन खाली ओढून बघा.