कानमास्तरांचा कौल

"जरा कुणी श्वास घेऊ नका," मॅनेजर म्हणाला, आणि शोरूममधली माणसं खरोखरच थांबली.

कानमास्तरांनी डोळे मिटले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बॉनेटवर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. एकतीस वर्षं ते इंजिनं अशीच ऐकत आले होते. अमुक बेअरिंग गुरुवारी जाणार, असं ते सांगत आणि बेअरिंग मुकाट्याने गुरुवारी जाई.

मग कंपनीने ही गाडी आणली. विजेवर चालणारी, गल्लीत वळेल एवढी आटोपशीर, आत मात्र ऐसपैस. काचेचं छत, गार होणाऱ्या सीटा, या दारापासून त्या दारापर्यंत टीव्हीसारखा पडदा. फक्त इंजिन नाही. वर्कशॉपमधल्या चौघांना पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. कानमास्तरांचं घड्याळही गुंडाळून तयार होतं. पण गिऱ्हाइकांनी घोळ घातला. गाडी चालू केली की लोक विचारायचे, "चालू कधी करणार?" एवढी भारी वस्तू आणि हूं नाही की चूं नाही, म्हणजे विश्वास ठेवायचा कशावर?

मॅनेजरने कानमास्तरांना पांढरा कोट शिवला. काम एवढंच: गाडी ऐकायची, मान हलवायची, "एकदम शांत" म्हणायचं. रंगावर ओरखडा नको म्हणून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला रबरी बूच बसवलं. त्यातून तोफसुद्धा ऐकू आली नसती. चार महिन्यांत त्या मानेवर सत्तर गाड्या खपल्या. घड्याळ मॅनेजरच्या कपाटात वाट बघत राहिलं.

आज समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांचे यजमान होते. यजमानांना गाडी हवी होती, बाईंना पुरावा.

कानमास्तरांची मान हललीच नाही.

"आवाज आहे," ते म्हणाले. "बारीक. शिट्टीसारखा."

"बघा! मी मघापासून काय सांगतेय?" बाई यजमानांवर घसरल्या.

"मास्तर भारी गमत्ये आहेत," मॅनेजर हसला आणि त्यांच्या कानाशी पुटपुटला, "अहो, तुम्हाला काय ऐकायला ठेवलंय?"

"मग कशाला ठेवलंय?" कानमास्तरांनी मनापासून विचारलं.

त्यांनी बूच काढून फेकलं. बॉनेट उघडून पुन्हा ऐकलं. शिट्टी होतीच. शेजारच्या गाडीत होती. तिच्या पलीकडच्या, अजून चालूच न केलेल्या गाडीतही होती.

मॅनेजरचा पारा चढला. त्याने मास्तरांचा हात धरून स्क्रू-ड्रायव्हर सोफ्यावर टेकवला. "इथे?"

"आहे."

"काचेच्या दारात?"

"आहे."

"भिंतीत?"

कानमास्तरांनी भिंत ऐकली. जरा जास्तच वेळ ऐकली. "आहे."

"भिंतीचंही बेअरिंग गेलं म्हणायचं!" यजमान म्हणाले, आणि अख्खं शोरूम खो खो हसलं.

कानमास्तरांनी स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. रिकाम्या हातांनी उभे राहिले. शिट्टी थांबली नाही. एकतीस वर्षं इंजिनांच्या धडधडीखाली ती कधी सुरू झाली असेल, कोण जाणे. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, मग उगाचच पुन्हा काढलं.

"आमच्या शाळेत घंटेखाली बसणाऱ्या शिपायाचं असंच झालं होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते जात नाही हो."

"बरं," कानमास्तर म्हणाले.

बाईंनी गाडीकडे एकदा नीट पाहिलं. मग पर्स उघडून चष्मा काढला. "कुठे सही करायची? गाडीत माणसाला स्वतःचा कान ऐकू येतो म्हणजे ती शांतच असणार."

मॅनेजरचा चेहरा उजळला. "मास्तर, काय जमवलंत! उद्यापासून रोज असंच करायचं. आधी गाडी, मग सोफा, शेवटी भिंत. या क्रमाने."

"घड्याळ?"

"राहू द्या की कपाटात. कुठे पळून जातंय?"

तेवढ्यात यजमानांनी हौसेने स्क्रू-ड्रायव्हर उचलून आपल्या गाडीवर टेकवला आणि मूठ कानाला लावली.

"मला तर काहीच ऐकू येत नाही हो!"

कानमास्तरांनी त्यांचा कोपर धरून थोडा वर केला, मूठ कानावर नीट बसवली.

"ऐका की," ते म्हणाले. "अजून थोडा वेळ ऐका."