साडेसातच्या मालिकेतली जोडी

मी एक जुना रंगीत टीव्ही आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यावर, हरिसिंग यांच्या गोठ्यात, तुरीच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यांवर मला ठेवले आहे. माझ्या डोक्यावर कोंबड्या बसतात. उंदरांनी वायर कुरतडली आहे. पण मित्रांनो, मी बिघडलो म्हणून इथे आलो नाही. मला शिक्षा झाली. ती कशी झाली ते क्रमाने सांगतो.

माझ्यावर कोणत्याही मोठ्या कंपनीचे नाव नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, दोन माणसांनी एका दुपारी मला जुळवले. ट्यूब एकीकडची, पेटी दुसरीकडची. राखी पहिलीत गेली त्या वर्षी तिच्या बापूंनी, म्हणजे हरिसिंगांनी, मला जीपच्या टपावर बांधून तांड्यावर आणले. तिची आई लालीबाई यांनी मला कुंकू लावले आणि आरशांचे भरतकाम केलेले फडके माझ्यावर घातले. तेव्हा तांड्यावर टीव्ही असा मी एकटाच होतो. संध्याकाळी दारात चपलांचा ढीग पडे. पुढे घरोघरी चपटे टीव्ही आले, ढीग कमी झाला. राखी मात्र माझ्यासमोरून हलली नाही.

या घरात एक रीत होती. आपापसात सगळे गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलत. मालिका मराठी, म्हणून मालिकेवरचे बोलणे मराठीत चाले. शेत, जेवण, सोयरीक गोरबोलीत, नायक-नायिका मराठीत. गोरबोलीत राखी बापापुढे मान वर करत नसे. मराठीत ती त्यांच्याशी भांडे आणि हरिसिंग हसत.

साडेसातच्या मालिकेत मुक्ता नावाची नायिका होती. कारखानदाराचा तापट मुलगा देवराज तिच्या मागे होता. दवाखान्यातला कंपाउंडर नंदूही तिच्यावर जीव टाकून होता. अख्खा तांडा देवराजच्या बाजूचा. राखी एकटी नंदूची.

"काय जोडी आहे बाप्पा!" शेजारची काकी म्हणायची. "राग आहे त्याले, पण जीव बी तेवढाच लावते."

"मनगट धरून ओढते तो, काकी. असा जीव कायले पाह्यजे? मागून बासरी वाजते म्हणून तुले ते प्रेम वाटते. बासरी बंद करून पाह्य."

आणि तिने खरोखर माझा आवाज बंद केला. बिनआवाजाचा देवराज दात-ओठ खाताना दिसला. काकीने हात झटकला.

"लाव वं आवाज. आन् तुह्या नंदूत काय आहे? दिवसभर सुया टोचते."

"टोचायच्या आधी 'दुखते का' म्हणून विचारते तं खरं!"

हरिसिंग खाटेवरून हसले. "मंग तूच लिही मालिका. आमी पाह्यतो."

राखी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा मारेगावकडच्या तांड्यावरून रूपसिंगचे स्थळ आले. रविवारी दुपारी तो काका आणि धाकट्या बहिणीसोबत आला. घरात गर्दी होती, मी आवाज बंद ठेवून चालू होतो. बहिणीच्या हातून चहा सतरंजीवर सांडला. रूपसिंगने मोठ्यांकडे पाहत हसत हसत सतरंजीच्या कडेला तिचे मनगट पिरगाळले. मुलगी ओरडली नाही. तिला सवय असावी. हे दोघांनीच पाहिले: एक मी, आणि दुसरी माझ्याशेजारी ट्रे धरून उभी असलेली राखी.

जाण्यापूर्वी गूळ वाटला गेला. सोयरीक पक्की झाली. राखीला कोणी विचारले नाही. तशी पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेसातला देवराजने मुक्ताला मागणी घातली.

"मुक्तानं नाई म्हणावं," राखी मराठीत म्हणाली. "आजच म्हणावं. जो बहिणीचा हात पिरगाळते, तो बायकोचा सोडन का?"

देवराजला बहीण नव्हती. बोलताना राखी माझ्याकडे पाहतही नव्हती. लालीबाई चुलीपासून म्हणाल्या, "अवं, मालिका आहे ते. काहून एवढं मनाले लावून घेतं?"

हरिसिंग मात्र या वेळी हसले नाहीत. "गूळ वाटून झाला," ते म्हणाले. "आता पोरीनं बापाची मान खाली घालू नये."

मालिकेत कोणी गूळ वाटला नव्हता.

राखीने माझा आवाज दोन आकडे वाढवला. मुक्ता आणि देवराजचे लग्न त्याच महिन्यात लागले. काकीने त्या दिवशी लापशी केली. राखीचे लग्न पंधरा दिवसांनी झाले. कॉलेज सुटले.

पहिल्या दिवाळीला ती चार दिवसांसाठी आली. मला काही गोष्टी नेमक्या कळतात, मित्रांनो, कारण त्यांचे आकडे माझ्याच काचेवर उमटतात. राखी घरात असताना माझा आवाज नेहमी बारावर असे. त्या संध्याकाळी तिने तो सव्वीसवर नेला. पूर्वी ती अगदी समोर बसायची. आता उजवा कान माझ्याकडे करून तिरकी बसली.

मालिकेत देवराज मुक्ताची माफी मागत होता. बासरी वाजत होती. काकीने डोळे पुसले आणि राखीच्या डाव्या बाजूने विचारले, "आता तरी पटली का जोडी?"

राखी हलली नाही. काकीने पुन्हा विचारले.

"कानात बोळे घातले का वं?" लालीबाई हसल्या.

काकीने खांदा हलवला तेव्हा राखी पूर्ण वळली. प्रश्न तिसऱ्यांदा ऐकून म्हणाली, "पटली, काकी."

लालीबाईंचे हसू तिथेच थांबले. त्यांनी उठून माझा आवाज शून्यावर नेला. राखीच्या डाव्या बाजूला बसून अगदी हळू काहीतरी विचारले. राखी मुक्या देवराजकडे पाहत राहिली. मग लालीबाई उजवीकडे येऊन बसल्या आणि तेच पुन्हा विचारले.

या वेळी राखी आईशी, तिच्या याडीशी, गोरबोलीत बोलली. दोनच वाक्ये. याडी, पोळ्याच्या दिवशी मारलं. तेव्हापासून या कानानं ऐकू येत नाही.

हरिसिंग दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले. मग ते माझ्याकडे बोट दाखवून ओरडले, "याच्यापाईच झालं हे सारं! मालिका पाहू पाहू पोरगी नवऱ्यात खोट काढाले शिकली."

दुसऱ्या दिवशी तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, आले, रूपसिंगही आला. त्याने सर्वांसमोर हात जोडले. पुन्हा होणार नाही म्हणाला. देवराजही तेच म्हणाला होता. राखीचा कान यवतमाळला दाखवायचा असे ठरले. तो दाखवला गेला नाही. ती दुपारी त्याच्यासोबत परत गेली आणि मी संध्याकाळी गोठ्यात आलो. माझ्या जागी चपटा टीव्ही लागला. साडेसातची मालिका त्यावर चालू आहे.

काल लालीबाई कुटार न्यायला आल्या. फोन कानाशी होता आणि त्या ओरडून बोलत होत्या, कारण पलीकडून पुन्हा पुन्हा एकच वाक्य येत होते, "याडी, जोरात बोल." राखी फोन उजव्याच कानाला लावत असणार; आता तोही अधू झाला असावा. फोन ठेवल्यावर लालीबाई माझ्यापुढे पोत्यावर बसल्या. पदराने माझी काच पुसली. काचेत त्यांचाच चेहरा दिसला असेल.

मग त्या मराठीत म्हणाल्या, "नंदूच बरा होता वं."

गोठ्यात दुसरे कोणी नव्हते.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. माझी ट्यूब गेली तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी मालिकेतल्या जोडीवरून जीव तोडून भांडत असेल, तर हसू नका. आधी टीव्हीचा आवाज शून्यावर आणा. तिच्याजवळ बसा. ती कोणाबद्दल बोलते आहे, ते तिला तिच्या भाषेत विचारा.

गूळ वाटण्याआधी विचारा.