चार बोटं कापड

वाक्य तीन शब्दांचं होतं. दादा, आई गेली.

एवढंच सांगायला शिंपीण सकाळी सहलीच्या बसमध्ये चढली. मांडीवर मावशीची पिशवी, शेजारी मावशी. आधी डोंगर, मग तळ्याकाठचा मठ, संध्याकाळी परत. दादा त्या मठात राहायचा, अगदी पोरवयापासून. आईला जाऊन अख्खा हिवाळा सरला तरी त्याला पत्ता नव्हता. मठात फोन एकच, तोही कचेरीत. शिंपिणीनं दोनदा लावला. दोन्ही वेळा पलीकडून कुणीतरी शांतपणे "बोला" म्हणालं, आणि हिनं विचारलं, "पार्सल पोचलं का?"

पोचलं होतं. मग ठेवला.

"तू सांगणारेस की मी सांगू?" मावशी म्हणाली.

"मीच सांगते."

"बघ हं. नाहीतर तिथेही पार्सल-पार्सल खेळत बसशील."

पार्सलचं सांगून टाकू, म्हणजे पुढे अडायला नको. दर वर्षी आई दादासाठी एक विटकरी रंगाचा पायघोळ झगा शिवून पाठवायची. दुकानातलं बाकी सगळं शिवण लेकीच्या हातचं, पण त्या कापडाला हात लावायची तिची टाप नव्हती. यंदा आईनं कापड बेतलं, कापलं, घडी घालून ठेवलं, आणि गेली. शिवलं ते लेकीनं. आईचा टाका जरा डावीकडे कलायचा, तसाच हुबेहूब कलवून. पण बघते तर खालच्या बाजूला कापड चार बोटं जास्त. आईची नजर शेवटी शेवटी अधू झाली होती. चुकलं असेल, असं म्हणून शिंपिणीनं तेवढी पट्टी कापली आणि झगा नीट मापात केला. पट्टीनं मावशीच्या पिशवीचा तुटलेला बंद बांधला. वाया कशाला घालवायची?

वर

डोंगराच्या टोकावरून काय दिसलं:

काही नाही.

इथंच थांबलं तर मावशीवर अन्याय होईल, म्हणून थोडं आणखी. धुकं इतकं दाट की कठड्याला हात लागेपर्यंत कठडा आहे हे कळत नव्हतं. सहलीवाला टोपी सावरत पुढे झाला, झोळीतून एक मोठा फोटो काढला आणि धुक्यासमोर दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"हे बघा, इथून असं दिसतं. खाली तळं. काठावरचा हा पांढरा ठिपका म्हणजे मठ."

लोकांनी त्या फोटोचे फोटो काढले.

"मेल्या, मग घरीच दाखवायचा होतास," मावशी म्हणाली. "माझे गुडघे तरी वाचले असते."

"मावशी, हवा घ्या, हवा!"

"हवा आमच्या गल्लीतही येते. चढायला लावत नाही."

सगळे हसले. शिंपीणही हसली, म्हणजे ओठ हलले. तिनं पांढऱ्या ठिपक्याकडे पाहून वाक्य मनात म्हटलं. दादा, आई गेली. छातीत काहीतरी हलेल म्हणून वाट पाहिली. पाय बधिर होतो तेव्हा निदान मुंग्या तरी येतात. तिला हिवाळाभर त्याही आल्या नव्हत्या. अंत्ययात्रेहून आल्यावर तिनं एका गिऱ्हाइकाच्या कोटाला काजं केली होती. आठही सरळ.

मध्ये

उतार. वळणं. मावशी झोपली. दादा आई. आई दादा. गेली.

खाली

पायऱ्या बघून मावशी फाटकाजवळच्या बाकावरच बसली. "पाठव त्याला बाहेर. आणि आधी सांग, मग पाठव."

भेटीच्या खोलीत एक लांब लाकडी बाक, एक खिडकी, खिडकीभर तळं. दादा आला. केस गेलेले, खांदे उतरलेले. झगा यंदाचा. शिंपिणीची नजर आधी शिवणीवर गेली, मग तोंडावर.

"वाळलीस," तो म्हणाला.

"तू कुठे फुगलायस."

"मावशी आलीय? गुडघे कसे आहेत?"

"बोलतात खूप."

तो हसला. मावशीचं विचारलं, दुकानाचं विचारलं, मशीन अजून तसंच खडखडतं का ते विचारलं. आईचं विचारलं नाही. वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि सुईच्या नेढ्याशी दोऱ्याचं टोक फिसकटावं तसं फिसकटलं.

"दादा," ती म्हणाली. "पार्सल..."

"पोचलं." त्यानं वाकून झग्याचा काठ हातात घेतला. "हा तू शिवलायस."

"टाक्यावरून ओळखलंस?"

"टाका आईचाच वाटला. फसलो होतो मी." त्यानं काठ उलटा केला. "पण इथे काही नाहीये."

"काय असायला हवं?"

"चार बोटं कापड. आत दुमडून. मी इथे आलो तेव्हा वाढत्या अंगाचा होतो ना. पहिल्या वर्षी उसवून झगा लांब करावा लागला. नंतर माझी उंची थांबली. आई थांबली नाही." तो स्वतःशीच हसला. "आता तर मी आखडत चाललोय. तरी दर वर्षी पार्सल आलं की आधी काठ उलटून बघायचा. यंदा उलटला, आणि कळलं."

खिडकीबाहेर एक नाव होती. ती हलत नव्हती.

"कळलं होतं, तर घरी का नाही आलास?" शिंपिणीनं विचारलं. विचारताना राग यावा असं तिला वाटलं. आला नाही.

"तू दोनदा फोन केलास आणि सांगितलं नाहीस. तू सांगेपर्यंत ती आहे असं धरून चाललो." त्यानं काठ सोडला. "आता सांग."

"कळलंय तर तुला."

"तरी सांग."

"दादा, आई गेली."

दादा रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा, बाहीनं नाक पुसत. शिंपीण शेजारी बसून राहिली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हाताला कळलं की पाठीचं माप दोन्ही बाजूंनी बरोबर आलंय.

"मला वाटलं आईनं चुकून जास्त कापलं," ती म्हणाली. "मी काढून टाकलं."

"टाकून दिलंस?"

"मावशीच्या पिशवीला बांधलंय."

रडता रडता तो फिस्सकन हसला. "बरं झालं. कामाला आलं." मग डोळे पुसून उठला. "चल, मावशीची बोलणी खाऊन येतो."

परत

बसमध्ये मावशी नाक ओढत म्हणाली, "रडला ना रे देवा माझ्यासमोर. तुझ्यासमोरही?"

"हो."

"आणि तू?"

सहलीवाला ओरडला, "बघा, बघा! डोंगर मोकळा झाला!" सगळे त्या बाजूच्या खिडक्यांवर झुकले. सकाळचा कठडासुद्धा स्पष्ट दिसत होता.

शिंपिणीनं पिशवीच्या बंदाची गाठ सोडली, चुरगळलेली पट्टी मांडीवर सपाट केली आणि तिच्यावर आडवी बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. तिनं पट्टी सरकवून दुसऱ्या टोकाला मापली. चार. मधे मापली. चारच. कुठे केसाइतकंही कमीजास्त नाही.

आईची नजर शेवटपर्यंत शाबूत होती.

"काय गं?" मावशी म्हणाली. "पिशवी दे इकडे. हात अवघडेल."

"असू दे," शिंपीण म्हणाली, आणि पट्टी परत बांधायला घेतली. गाठ बसेना. तिनं पुन्हा घातली. पुन्हा सुटली.